विंडोज १० नंतर: नाट्यसंहितांचा संगणक लिनक्सवर नेताना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि माझा चांगला चालता संगणक कागदोपत्री निवृत्त झाला. फोंडा तालुक्यातील नाट्यमंडळांसाठी संहिता टंकलिखित करणे, देवस्थानांच्या जत्रोत्सवाच्या स्मरणिका लावणे आणि चवथीच्या सुमारास भजनस्पर्धांची पत्रके तयार करणे, हे माझे बऱ्याच वर्षांचे घरगुती काम आहे. यंत्र सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, ८ जीबी रॅमचे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्ग मला बंद होता. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अद्यतनांची मुदतवाढ घेता येते, हे खरे. परंतु वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहणार होता, आणि धडधाकट यंत्र केवळ एका तारखेपायी मोडीत काढणे माझ्या मनाला पटत नव्हते.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घ्यायचे ठरवले. तिच्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधलेल्या तयार संचांपैकी, कोणते घ्यावे, हे मी ओळखीच्या जाणकारांना विचारले, तेव्हा जितकी माणसे तितकी मते पदरात पडली. पणजीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याने फेडोराचा आग्रह धरला. मडगावच्या एका प्राध्यापक मित्रांनी डेबियनशिवाय दुसरे नाव घेऊ दिले नाही. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा शेजाऱ्यांचा मुलगा आर्चचे गुण इतक्या उत्साहाने सांगत होता की त्याला थांबवणे जिवावर आले. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला तेरा महिन्यांच्या आसपास आधार मिळतो; ज्याला नवे तंत्र हाताळायचे आहे त्याला हा वेग मानवतो. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली, आणि ती खरोखरच स्थिर असते. आर्चमध्ये तर आवृत्ती हा प्रकारच नाही, अद्यतने अखंड येत राहतात. मात्र त्यांच्यापैकी कोणीही दिवसभर मराठीत टंकत नव्हते आणि कोणाकडेही माझ्यासारखा जुना प्रिंटर नव्हता.

म्हणून मी प्रश्न बदलला. 'कोणते वितरण चांगले' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही रोज मराठीत किती लिहिता, कोणत्या मांडणीने लिहिता आणि छापता कशावर' असे विचारू लागलो. या प्रश्नाला नीट उत्तर देणारे गृहस्थ भेटले ते पणजीच्या एका वृत्तपत्रातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. ते लिनक्स मिंट वापरत होते, आणि त्यांनी वितरणाची थोरवी न गाता सरळ त्यांचा कळफलक आणि त्यांच्या फाइली दाखवल्या. मिंटची बावीसावी मालिका उबुंटू या वितरणाच्या २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीवर बेतलेली असून तिला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि तिचा सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, विंडोजवरून येणाऱ्याला बुजवत नाही. माझ्या कामाला एवढे पुरेसे होते. भाचा मात्र म्हणाला, "मामा, तुम्ही सगळ्यात कंटाळवाणी निवड केलीत." मला कंटाळवाणीच हवी होती.

प्रत्यक्ष बदल करण्याआधी मी कामांची यादी केली, आणि हाच सल्ला मी कोणालाही सर्वप्रथम देईन. संहिता, स्मरणिका, पत्रव्यवहार, बँक, वीजबिल आणि चित्रफिती यांतले बहुतेक सारे ब्राउझर आणि लिबरऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच यांत भागते. अडचण दोन ठिकाणी होती. देवस्थानाचे हिशेब, ज्यांचा काही भाग माझ्याकडे तपासायला येतो, ते टॅलीत आहेत आणि टॅलीप्राइम विंडोजसाठीच मिळते. वाइन या सोयीतून ते लिनक्सवर चालवण्याचे प्रयोग लोक करतात, पण संस्थेचा हिशेब प्रयोगावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसरी अडचण डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची. त्याचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर काही उत्पादक देतात, परंतु संकेतस्थळावर प्रत्यक्ष सही उमटवणारी सहायक सॉफ्टवेअरे बहुधा विंडोज गृहीत धरून लिहिलेली असतात. ही दोन्ही कामे मी खजिनदारांच्या लॅपटॉपवर सोपवली. लिनक्सवर सर्व काही चाललेच पाहिजे, हा हट्ट धरणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, पण त्यांच्यातल्या कोणाला ऑडिटरला उत्तर द्यायचे नसते.

नवी प्रणाली आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, ही लिनक्सची मोठी सोय. व्हेंटॉय हे साधन वापरले तर एकाच पेन ड्राइव्हवर अनेक वितरणांच्या आयएसओ (म्हणजे स्थापनेच्या) फाइली नुसत्या उतरवून ठेवता येतात आणि सुरू करताना हवी ती निवडता येते. उतरवलेल्या फाइलीची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल अखंड आहे हे पडताळणारा आकडा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट मध्येच तुटते आणि अर्धवट फाइल वरकरणी पूर्ण वाटते. अशा चाचणीत लोक रंगरूप पाहण्यात वेळ घालवतात. पाहण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत: आवाज येतो का, यंत्र झोपवल्यावर नीट जागे होते का, स्कॅनर दिसतो का, वाय-फाय लागते का. माझा यूएसबीचा वाय-फाय डोंगल ओळखला गेला नाही. त्यावर उपाय सोपा निघाला. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की लिनक्सला कोणताही ड्रायव्हर न घालता इंटरनेट मिळते आणि मग त्या जोडणीवरून डोंगलचा ड्रायव्हर उतरवता येतो.

स्थापनेसाठी मी नवा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घेतला, आणि लिनक्समुळे आलेल्या वेगाचे निम्मे श्रेय खरे तर त्यालाच द्यायला हवे. मुद्रितशोधक मित्रांच्या सांगण्यावरून स्थापना करताना विंडोज असलेल्या जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. त्यामुळे लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा भाग, नव्या डिस्कवरच बसला, जुन्या डिस्कला धक्का लागला नाही, आणि गरज पडली तर संगणक सुरू करतानाच्या यादीतून विंडोज निवडता येते. नंतर जुनी डिस्क जोडली तेव्हा तिच्यातल्या फाइली वाचता येत होत्या, पण त्यांत काही लिहिता येत नव्हते. विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप' चालू असला की ती प्रणाली पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि लिनक्स अशा विभागात लिहिण्यास नकार देते. विंडोजमध्ये जाऊन तो पर्याय बंद केल्यावर अडथळा दूर झाला. दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना घड्याळाचाही एक चमत्कार दिसतो: लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची आज्ञा दिली की हे थांबते. घड्याळाची बॅटरी बदलून पाहिलेले लोक मला ठाऊक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मराठीकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण स्थलांतराचा जीव तिथेच होता.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलक-मांडणीने टंकणाऱ्याला लिनक्सवर काहीही वेगळे बसवावे लागत नाही. कळफलकाच्या मांडण्यांत भारताच्या यादीखाली मराठीची सुधारित इनस्क्रिप्ट मांडणी तयार असते. ती जोडावी आणि भाषा बदलण्याची कळ ठरवावी. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा ऱ अनेकांना छळतो, तो असा निघतो: इंग्रजी J या कळीवर साधा र आहे, शिफ्टसह त्याच कळीवर ऱ आहे, त्यापुढे D कळीवरचा हलन्त आणि मग य किंवा ह. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांपैकी एक व्यवस्था आणि तिच्या जोडीला एम१७एन हा संच लागतो. त्यातील उच्चारानुसारी मांडणी शब्द सुचवत नाही, जे अक्षर दाबाल तेच देते. मोबाइलच्या सवयीने येणारे इथे निराश होतात. माझ्या पत्नीने पहिल्या संध्याकाळीच तिला नकार दिला आणि शेवटी इनस्क्रिप्ट शिकणे पत्करले. आता ती माझ्यापेक्षा कमी चुका करते.

लिबरऑफिसबद्दल मराठी लेखकांच्या ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याच एका गोष्टीत विरून जातात. हे सॉफ्टवेअर लॅटिन लिपी, चिनी-जपानी लिप्या आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' अशा तीन गटांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठेवते, आणि देवनागरी तिसऱ्या गटात मोडते. शैलीत जाऊन वरच्या रकान्यात आकार १४ केला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, कारण त्याचा आकार खालच्या रकान्यात आहे. पर्यायांमध्ये जाऊन या तिसऱ्या गटाची भाषा मराठी आणि फॉन्ट आपल्या पसंतीचा करून ठेवला की रोजची कटकट संपते. भाषा हिंदी राहिली तर ल आणि श यांची वळणे हिंदी धाटणीची दिसण्याची शक्यता असते, कारण काही फॉन्ट भाषा पाहून अक्षराचे रूप बदलतात. छपाईसाठी मी आयआयटी मुंबईचा शोभिका वापरतो आणि मथळ्यांना मुक्त. तिरो देवनागरी मराठी हाही देखणा आहे. विंडोजमधले मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट लिनक्ससोबत येत नाहीत. त्यामुळे कोणी मंगलमध्ये लिहिलेली फाइल पाठवली की दुसरा फॉन्ट लागून पानांची संख्या बदलते. स्मरणिकेत जाहिरातींची पाने ठरलेली असतात, तिथे हा फरक महागात पडतो. म्हणून अंतिम मजकूर पीडीएफमध्येच द्यायचा आणि घ्यायचा, असा नियम मी केला.

सर्वांत कष्टाचे काम जुन्या संहितांचे होते. युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षर-संकेतपद्धतीच्या आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये लॅटिन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नाटकाचा पहिला प्रवेश इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखा उघडतो. जुना फॉन्ट घरच्या फोल्डरात टाकला की लिनक्सवरही मजकूर दिसू लागतो, मात्र त्यात शोधता येत नाही आणि दुसऱ्याला पाठवताही येत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती फॉन्टच्या कुळानुसार वेगळी असतात, आणि त्यांच्या चुका ठरावीक जागी होतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने साठवलेला असे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे. साधन जिथे चुकते तिथे 'कार्यक्रम' चे 'कायर्क्रम' होते आणि 'विद्यार्थी' चे 'विद्याथीर्'. हे शोध-बदल आज्ञेने सरसकट दुरुस्त करावे असे वाटते, परंतु मात्रेपुढे र् येणे हे 'दीर्घ' आणि 'मार्ग' यांत अगदी योग्य असते, म्हणून तसा सरसकट बदल चांगले शब्द बिघडवतो. र् या अक्षराने संपणारे शब्द मात्र मराठीत जवळजवळ नसतातच. तेवढे शोधले की निम्म्याहून अधिक चुका हाती लागतात, बाकीच्या डोळ्यांनीच वेचाव्या लागतात. ज्या फॉन्टसाठी साधनच सापडले नाही, त्या संहिता मी छापील प्रतीवरून स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी संचाने वाचून घेतल्या. स्वच्छ छपाई असेल तर त्याचे वाचन समाधानकारक असते. सायक्लोस्टाइल प्रतींवर ते हात टेकते.

एक बारीक गोष्ट शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ साली आले, त्याआधीच्या मजकुरांत अ आणि वरची चंद्रकोर अशी जोडणी असे. दोन्ही दिसायला सारखी, पण संगणकासाठी निराळी. 'ॲड्व्होकेट' हे पात्र एका संहितेत सापडावे आणि दुसऱ्या संहितेत सापडू नये, यामागे बहुधा हेच कारण असते. मी सगळीकडे नवे अक्षर करून घेतले.

सॉफ्टवेअर कुठून घ्यावे, हा लिनक्सच्या जगातला नित्याचा वाद आहे. उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या स्वयंपूर्ण गठ्ठ्याच्या स्वरूपात दिला. मिंटने २०२० पासूनच स्नॅपला पूर्वनियोजित दार बंद ठेवले आहे आणि फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या प्रकाराला उघडे. यावर लोक तावातावाने बोलतात. माझ्या वापरात फरक एवढाच जाणवला की मिंटच्या मूळ भांडारातले सॉफ्टवेअर जागा कमी घेते आणि थोडे जुने असते, तर फ्लॅटपॅकमधले नवे असते आणि पहिल्यांदा घेताना बरीच माहिती उतरवते. नवे लिबरऑफिस हवे म्हणून मी तेवढे फ्लॅटपॅकमधून घेतले, बाकी सारे भांडारातले. टाइमशिफ्टविषयी मात्र कोणाचे दुमत ऐकले नाही आणि माझेही नाही. मोठ्या अद्यतनापूर्वी त्याने प्रणालीची प्रतिमा काढून ठेवता येते आणि काही बिघडले तर मागच्या स्थितीत जाता येते. फक्त हे ध्यानात ठेवावे की ते पूर्वनियोजित रीतीने प्रणालीच्याच फाइली जपते. संहिता, छायाचित्रे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर आपली आपणच ठेवायची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा लुकलुकेल याचा नेम नसतो. ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडूनही सहसा सावरते, तरीही यूपीएसशिवाय कोणतीच प्रणाली वापरू नये.

प्रिंटरची कथा तितकी सुखाची नाही. माझ्या जुन्या लेसर प्रिंटरला उत्पादकाचाच खास ड्रायव्हर लागत होता. तो बसला, चालला, पण दर वेळी संगणक सुरू केल्यावर सेवा हाताने पुन्हा चालू करावी लागे. जाणकारांनी जे उपाय सांगितले ते एकमेकांशी जुळत नव्हते, आणि कोणाचाही उपाय दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही. शेवटी तो विंडोज वापरणाऱ्या मेहुण्यांना दिला आणि नवा घेतला. खरेदी करताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेले आहे का, एवढेच पाहिले. असा प्रिंटर घरच्या वाय-फायला जोडला की लिनक्स त्याला ड्रायव्हरशिवाय ओळखते, आणि स्कॅनरही बहुधा त्याच वाटेने चालतो. एचपीचे बरेचसे प्रिंटर एचपीएलआयपी या संचाने चालतात, काहींना वर एक मालकी प्लगइन घालावे लागते. म्हापशाच्या दुकानदाराने 'लिनक्सला चालेल, काय होतंय' असे म्हटले तरी नमुन्याचे पूर्ण नाव लिहून घेऊन घरी पडताळावे.

स्मरणिकेची मांडणी स्क्रायबसमध्ये करतो. त्याच्या १.६ या स्थिर आवृत्तीत, जी जानेवारी २०२४ मध्ये आली, देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. त्याआधीच्या स्थिर आवृत्तीवर मराठी टाकून पाहिलेल्यांनी त्याला नावे ठेवली असतील तर ती योग्यच होती. मुद्रणालयाला पीडीएफ नेऊन देताना पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये ठेवावा, कारण लिनक्सचे स्वतःचे स्वरूप तिथल्या संगणकाला वाचता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेन ड्राइव्हवरचे शॉर्टकट-विषाणू लिनक्सवर चालत नाहीत, पण ते तसेच पुढच्या माणसाकडे पोचवले जातात, म्हणून परत आल्यावर पुसून घेतो.

अलीकडे एका नाट्यमंडळाच्या चिटणीसबाईंनी त्यांचा लॅपटॉपही 'असाच करून द्या' म्हणून सांगितले. रॅम ४ जीबी होती. ती वाढवता येत नव्हती, तेव्हा मिंट घेतलेच तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्यावा लागला असता आणि ब्राउझरमध्ये मोजकीच पाने उघडी ठेवावी लागली असती. मग त्यांचा प्रिंटर विचारला, आणि तो माझ्या जुन्या प्रिंटरचाच भाऊ निघाला. मंडळाचे हिशेबही बाई टॅलीतच लिहितात. मी त्यांना विंडोज १० वर राहून मुदतवाढीची नोंदणी करायला सांगितले, आणि तोवर ब्राउझर, लिबरऑफिस आणि इनस्क्रिप्ट ही तिन्ही विंडोजवरच वापरायला लावली. त्यांच्या संहिता युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी घरी घेऊन आलो आहे.